गावदेवीतील जुना गॅस गिझर: कोणत्या प्रकारचा, किती जुना, आणि पुन्हा जोडावा का?

गावदेवीकर – रविवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. मुंबईत गावदेवी येथे आमच्या आजोबांची जागा आहे. दोन वर्षे बंद असलेल्या या जागेचे दुरुस्तीचे काम आम्ही आता काढले असून पुढच्या महिन्यात आई तेथे राहायला जाणार आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर एक जुना गॅस गिझर आहे. तो पांढऱ्या मुलाम्याच्या पत्र्याचा, सुमारे अडीच फूट उंच असून त्याला समोर पितळी मुठीची छोटी झडप, खाली डावीउजवीकडे फिरणारी लांब तोटी आणि वर चार इंचांचे गोल तोंड आहे. त्या तोंडातून पूर्वी एक पाइप भिंतीबाहेर जात असावा. आता भिंतीतले भोक सिमेंटने बुजवलेले आहे. आईला लहानपणी तो पेटतानाचा ‘भप्प’ असा आवाज आठवतो आणि त्या वेळी तो सिलिंडरवर चालत होता, असे ती सांगते.

स्वयंपाकघरात आता नळाचा गॅस आलेला आहे. माझे तीन प्रश्न आहेत. हा गिझर नेमका कोणत्या प्रकारचा आहे? तो किती जुना असावा? आणि तो साफ करून नळाच्या गॅसवर पुन्हा चालवता येईल का? न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट असून उंची आठ फूट आहे. त्याची एकमेव खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये (हवेसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) उघडते.

निवृत्त फिटर – रविवार, दुपारी १२.०५

गावदेवीकर, आपण जोडण्याआधी विचारले हे फार चांगले केले. मी या शहरात पस्तीस वर्षे गॅसच्या जोडण्यांचे काम केले आहे, तेव्हा जे हाताखालून गेले आहे तेवढेच सांगतो.

प्रकार ओळखायचा तर आधी गिझरचा माथा पाहावा. माथ्यावर नुसत्या फटी असतील आणि पाइप बसवायला कॉलर नसेल, तर तो बिनधुराड्याचा गिझर, म्हणजे जळालेली हवा खोलीतच सोडणारा. बाजारात मिळणारे पाच-सहा लिटरचे बहुतेक छोटे गिझर या जातीचे असतात. माथ्यावर गोल कॉलर असेल आणि तिच्याखाली चहूबाजूंनी मोकळी जागा दिसत असेल, तर तो नैसर्गिक ओढीचा. जळालेली गरम हवा हलकी होऊन पाइपातून आपोआप वर जाते, मात्र जळण्यासाठी लागणारी हवा तो खोलीतूनच घेतो. कॉलर असून आत पंखा बसवलेला असेल, तर तो पंख्याने धूर बाहेर ढकलणारा. आणि एकात एक असे दोन पाइप भिंतीबाहेर जात असतील, तर तो बंद ज्वलनकक्षाचा गिझर. हवा बाहेरून घेतो, धूर बाहेरच सोडतो, खोलीच्या हवेला शिवतच नाही.

आपला गिझर नैसर्गिक ओढीचा दिसतो. आता झडप उघडून आत पाहा. बर्नरच्या कडेला सतत जळणाऱ्या लहान ज्योतीची नळी आणि तिच्या टोकाशी पेन्सिलीएवढा तांब्याचा कोंब आहे का? तो कोंब म्हणजे थर्मोकपल. ज्योत विझली की तो थंड होतो आणि गॅसची वाट बंद करतो. अगदी जुन्या गिझरांत थर्मोकपल नसते. ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. शिवाय गिझरच्या अंगावर किंवा झडपेच्या आतल्या बाजूला पितळी पट्टी असते. ती सापडली तर तिच्यावरचे प्रत्येक अक्षर उतरवून घ्या.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळा. पत्र्याच्या सांध्यांत पांढरट दोरीसारखे काही भरलेले दिसले तर ते खरवडू नका, त्यावर ब्रशही फिरवू नका. जुन्या गिझरांत तेथे फुप्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत.

गावदेवीकर – रविवार, सायंकाळी ६.४०

पांढरी दोरी खरोखरच आहे, तिला हात लावलेला नाही. थर्मोकपल नाही. पितळी पट्टी झडपेच्या मागे सापडली. तिच्यावर काजळीचा थर होता. ओल्या फडक्याने हलकेच पुसल्यावर इंग्रजी अक्षरे दिसू लागली. बनवणाऱ्याचे नाव झिजले आहे, परंतु विक्रेत्याचा पत्ता फोर्टचा असून शेवटी ‘बॉम्बे १’ एवढेच आहे. खाली सहा आकडी दूरध्वनी क्रमांक आहे. त्याखाली ‘टाउन गॅस’ हे शब्द आणि तासाची उष्णता बी.टी.यू. या जुन्या इंग्रजी मापात दिलेली आहे.

आणखी एक गोष्ट दिसली. बर्नरच्या पितळी जेटांच्या (ज्यांतून गॅस बाहेर पडतो त्या टोकांच्या) तोंडांवर कुणीतरी डाख देऊन मूळचे भोक बुजवले आहे आणि त्यातच मधोमध सुईएवढे नवे भोक पाडले आहे. गॅस आत येतो तेथे रबरी नळी चढवण्याचे नोझलही असेच डाख देऊन बसवले आहे.

जुनी मुंबई – रविवार, रात्री ९.१५

तुमच्या पट्टीवर वर्ष नसले तरी तिने आपले वय बरेच सांगितले आहे. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्याआधी पत्ता ‘बॉम्बे १’, ‘बॉम्बे ७’ असाच लिहीत. पुढे त्याच फोर्टचा पत्ता ४००००१ झाला. म्हणजे ही पट्टी बहुधा १९७२ पूर्वीची आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की जुन्या पट्ट्यांचा साठा संपेपर्यंत दुकानदार त्याच वापरत राहतात. दुसरे असे की आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने आली. एकटे बी.टी.यू. असणे हा जुनेपणाकडे बोट दाखवणारा पुरावा आहे, मात्र तो पक्का नाही, कारण गॅसच्या धंद्यात ही मापे नंतरही बरीच वर्षे रेंगाळली.

‘टाउन गॅस’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. हा कोळशापासून कारखान्यात केलेला आणि जमिनीखालच्या नळांतून घरोघर दिला जाणारा गॅस होता. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले ते याच गॅसचे. आजोबांच्या इमारतीत जिन्यालगत एखादा जाड, तोंड बुजवलेला लोखंडी पाइप भिंतीत शिरताना दिसतो का, तेही पाहा.

या यंत्राचा उगमही येथे सांगण्याजोगा आहे. गॅसवर पाणी तापवणारे यंत्र लंडनच्या बेंजामिन मॉघन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ मध्ये केले आणि आइसलँडमधील उष्णोदकाच्या झऱ्यावरून त्याला ‘गिझर’ असे नाव दिले. त्या पहिल्या गिझरला धुराडे नव्हते. आपल्या तांब्याच्या बंबाला मात्र पोटातूनच धुराडे होते, आणि तरीही जुनी माणसे तो परसात किंवा मागच्या पडवीत पेटवीत असत.

निवृत्त फिटर – सोमवार, सकाळी ८.३०

डाख दिलेल्या जेटांवरून पुढची हकीकत कळते. कोळशाच्या गॅसमध्ये उष्णता कमी असते, म्हणून त्याच्या जेटची भोके मोठी असत. पुढे सिलिंडर आला. एलपीजी फार जोरकस; त्याच जेटातून तो सोडला असता तर ज्योत झडपेबाहेर आली असती. म्हणून कुणा मिस्त्रीने भोके बुजवून सुईने नवी पाडली. त्या काळी अशी कामे सर्रास होत, आणि करणाऱ्याचा हात बरा असे तोवर निभावून जाई.

आता नळाच्या गॅसचे पाहू. मुंबईत घरोघर नैसर्गिक वायू देणारी महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली, म्हणजे हा गॅस या गिझरने कधी पाहिलेलाच नाही. नळाचा गॅस घरात साधारण २१ मिलिबार दाबाने येतो, तर सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो. घनमीटरमागे एलपीजीची उष्णता नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट असते. या दोन्ही गोष्टींचा आणि एलपीजीच्या जडपणाचा हिशेब घालता नळाच्या गॅसच्या जेटभोकाचे क्षेत्रफळ एलपीजीच्या भोकाच्या जवळजवळ दुप्पट लागते. एलपीजीचा गिझर नळाच्या गॅसला जोडला तर ज्योत मिणमिणते आणि पाणी कोमट राहते. नळाच्या गॅसचा गिझर सिलिंडरला जोडला तर पिवळी, काजळी ओकणारी ज्योत निघते, आणि तो प्रकार जिवावर बेततो.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. थर्मोकपल नाही, सांध्यांत अ‍ॅस्बेस्टॉस, जेट हाताने पाडलेले आणि धुराड्याचे भोक बुजवलेले, यांतले कोणतेही एक कारण पुरेसे होते. पाणी तापवणाऱ्या जुन्या तांब्याच्या पिंडावर शिसेमिश्रित कथलाचा लेपही असे, त्यामुळे ते पाणी पिण्याच्या कामाचे नव्हते. गिझर काढताना आधी पाण्याने भिजवावा, फोडू नये, आणि अख्खा बाहेर न्यावा. पितळी पट्टी जपून ठेवा.

चौथा मजला – सोमवार, दुपारी १.५०

धाग्यात मध्येच शिरत आहे, परंतु विषय तोच आहे. माझ्या मेहुण्याने त्याच्या जुन्या घरातला सहा लिटरचा गिझर मला देऊ केला आहे. स्टिकर अर्धे निघालेले असून वर्ष दिसत नाही. तो पाच वर्षांचा आहे की पंधरा, हे कसे ओळखावे?

सर्किटदुरुस्ती – सोमवार, दुपारी ३.१०

खोका शिल्लक असेल तर प्रश्नच नाही, कारण किमतीच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. खोका नसेल तर पुढील खुणा पाहाव्यात. किमतीपुढे रुपयाचे नवे चिन्ह असेल तर वस्तू जुलै २०१० नंतरची. कंपनीच्या पत्त्यात मुंबईचा दूरध्वनी क्रमांक सात आकडी असेल तर २००२ पूर्वीची, आठ आकडी असेल तर त्यानंतरची. आयएसआय चिन्हाच्या वर आयएस १५५५८ हा क्रमांक असेल, तर ते एलपीजीवरच्या छोट्या घरगुती गिझरांचे २००५ सालचे मानक आहे. म्हणजे गिझर त्याआधीचा नाही, आणि तो एलपीजीचा आहे हेही त्याच ओळीत कळले. चिन्हाखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घातला की तो परवाना कोणाचा आणि कशासाठीचा होता हे दिसते. दुसऱ्याच वस्तूचा परवाना निघाला तर गिझर तेथेच ठेवून द्यावा.

स्टिकर पुरते गेले असेल तर चार स्क्रू काढून पुढचे कव्हर उतरवा. सेलचा डबा किंवा मुठीच्या मागचा प्लॅस्टिकचा भाग उलटा करून पाहा. त्यावर नखाएवढे वर्तुळ उमटलेले असते. त्यात कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एका महिन्याकडे वळलेला बाण असतो. तो भाग साच्यातून निघाला तो महिना हाच. दुसरी खूण सर्किटवर सापडते. आयसीच्या (सर्किटवरच्या काळ्या चिपच्या) पाठीवर बरेचदा चार आकडे असतात. ‘१४३२’ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. गिझर या दोन्ही तारखांनंतर काही महिन्यांत जोडला गेलेला असतो. अनुक्रमांकाच्या पहिल्या आकड्यांवरून वर्ष काढणारे पुष्कळ भेटतील, पण प्रत्येक कंपनीची रीत निराळी असते; तो क्रमांक कंपनीलाच कळवून विचारावा.

चौथा मजला – सोमवार, रात्री ८.२५

सेलच्या डब्यावर वर्तुळ सापडले. मध्ये ‘११’ आणि बाण ९ वर आहे. स्टिकरच्या उरलेल्या तुकड्यावर ‘एलपीजी’ वाचता येते. आमच्याकडे नळाचा गॅस असल्यामुळे हा गिझर घेत नाही. सेलही आत गळून हिरवा क्षार जमलेला आहे. मनापासून आभार.

पारलेकरीण – सोमवार, रात्री १०.४०

या धाग्यावर एक अनुभव लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. माझी धाकटी बहीण उपनगरात भाड्याच्या घरात राहत होती. घरमालकाने बिनधुराड्याचा गिझर न्हाणीघरातच, आतल्या भिंतीवर लावून दिला होता. जानेवारीतील सकाळ होती, म्हणून तिने खिडकीच्या काचेच्या पट्ट्या मिटून घेतल्या होत्या. ती आत गेली तेव्हा माझ्या भाच्याची शाळेची बस यायला वीस मिनिटे होती. बस आली, गेली, आणि आतून पाणी पडण्याचा आवाज तसाच येत राहिला. त्याने हाक मारली, उत्तर आले नाही. शेजारच्या काकांनी कडी तोडली तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती आणि डोक्यावरून पाणी वाहत होते. चेहरा चांगला गुलाबी होता. काकांना वाटले, चक्कर आली आहे.

ती वाचली, कारण दार वेळेत तुटले आणि रुग्णालयातील डॉक्टरांनी ‘घरात गॅस गिझर आहे का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायू ९८ दाखवत होता. ते यंत्र प्राणवायू धरलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू धरून बसलेले रक्त यांत फरक करू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले. नंतर कितीतरी महिने तिला नावे आठवत नसत.

गावदेवीकर, आपली आई एकटी राहणार आहे. कृपा करून न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

रसायनशिक्षक – मंगळवार, सकाळी ७.१५

पारलेकरीण ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. असे का घडते याचा हिशेब गावदेवीकरांच्या न्हाणीघरावरच मांडतो.

चार गुणिले सहा गुणिले आठ म्हणजे १९२ घनफूट, म्हणजे सुमारे ५.४ घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर मिनिटाला १५० किलोकॅलरी, तासाला ९,००० किलोकॅलरी पाण्यात जायला हव्यात. थोडी उष्णता वाया जाते हे धरून गिझर तासाला सुमारे सव्वा घनमीटर नैसर्गिक वायू जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला ०.२ घनमीटर. हे आकडे लहान दिसतात, परंतु एक घनमीटर नैसर्गिक वायूला जळण्यासाठी सुमारे दहा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांत तुमच्या खोलीतील दोन घनमीटर हवेचा प्राणवायू संपला. खोली पूर्ण बंद असती तर प्राणवायू २१ टक्क्यांवरून १३-१४ टक्क्यांवर आला असता आणि कार्बन डायऑक्साइड साडेतीन टक्क्यांच्या वर गेला असता.

दाराच्या फटींतून थोडी हवा येते, म्हणून प्रत्यक्षात आकडा इतका खाली जात नाही. पण तेवढ्याचीही गरज नसते. प्राणवायू थोडा घटला की ज्योतीचे काम बिघडते आणि ती कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गळणाऱ्या गॅसचा वास येतो कारण त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. ते द्रव्य ज्योतीत जळून जाते. त्यामुळे ‘वास आला नाही, म्हणजे गॅस नव्हता’ असे जे म्हणतात ते या बाबतीत चुकीचे आहे.

बारा वर्षांचा वापर – मंगळवार, सकाळी ११.००

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्याकडे बारा वर्षे बिनधुराड्याचा गिझर न्हाणीघरात आहे आणि त्याचा कधीही त्रास झालेला नाही. त्यात २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोयही आहे. एवढी भीती घालणे योग्य आहे का?

निवृत्त फिटर – मंगळवार, दुपारी १२.३५

भीती घालण्याचा हेतू नाही, पण उत्तर स्पष्ट द्यायला हवे. तुमच्या खिडकीच्या पट्ट्या कायमच्या उघड्या असतील, दार खालून दोन बोटे वर असेल आणि आंघोळी आटोपशीर होत असतील, तर बारा वर्षे निभावली यात नवल नाही. पण पाहुणे आले आणि चार जणांनी ओळीने आंघोळ केली, तर काय? २० मिनिटांचे घड्याळ प्रत्येकासाठी नव्याने सुरू होते. खोलीतली हवा मात्र पहिल्याने वापरलेलीच असते. शिवाय बारा वर्षांत तांब्याच्या पात्यांत कपड्यांचे तंतू आणि धूळ भरते, समुद्राच्या हवेने बर्नरची भोके गंजतात, आणि निळी ज्योत हळूहळू पिवळी होते. ती आज पाहा. टोके पिवळी असतील किंवा माथ्यावर काळे डाग असतील, तर साफसफाई होईपर्यंत वापर थांबवा. आणि शक्य असेल तर गिझर बाहेर काढा; तोवर निदान बादल्या आधी भरून, गिझर बंद करून मगच आंघोळीला बसा.

बारा वर्षांचा वापर – मंगळवार, सायंकाळी ७.३०

पाहिली. माथ्यावर डाग आहेत. बंद केला आहे.

गावदेवीकर – मंगळवार, रात्री ९.००

सर्वांचे वाचून जुना गिझर जोडण्याचा विचार मी सोडून दिला. आता नवा घ्यायचा तर कोठे लावावा? न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. धुराड्याचे जुने भोक उघडले तर तेही डक्टमध्येच जाते. स्वयंपाकघरामागे तीन फुटांची उघडी गॅलरी आहे, तिला फक्त ग्रिल आहे. जागा वरच्या मजल्यावर असून वर थेट गच्चीची टाकी आहे.

निवृत्त फिटर – बुधवार, सकाळी ८.१०

डक्टचा विचार मनातून काढून टाका. त्या डक्टमध्ये खालच्या-वरच्या सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. तुमचा धूर त्यांच्या घरात शिरेल, आणि पावसाळ्यात हवा दबली की तुमच्याकडेच परत येईल. मागची उघडी गॅलरी ही योग्य जागा आहे. गॅलरीला पुढे कधी काचा लावायच्या नाहीत, हे मात्र घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. मी पाहिलेल्या वाईट जोडण्यांपैकी निम्म्या मुळात चांगल्या होत्या. नंतर कुणीतरी गॅलरी बंद करून घेतली.

गॅलरी उघडी असली तरी धूर बाहेर नेणाराच गिझर घ्या. पंख्याचा असेल तर आडवा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. नैसर्गिक ओढीच्या गिझरचा पाइप मात्र आधी सरळ वर जायला हवा. या जातीचा गिझर असलेल्या घरात एक्झॉस्ट पंख्याकडेही लक्ष ठेवावे लागते, कारण पंखा खोलीतली हवा खेचतो आणि तिच्यासोबत धुराड्यातला धूर उलटा खाली येतो.

नळाचा गॅस गॅलरीपर्यंत नेण्यासाठी गॅस कंपनीकडेच अर्ज करा. स्वयंपाकघरातील नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मीटरवरचे आकडेही वाचून ठेवा. ‘जी १.६’ असे लिहिलेला गॅसचा मीटर तासाला जास्तीत जास्त अडीच घनमीटर देतो. सहा लिटरचा गिझर आणि शेगडी त्यात बसतात; दहा-अकरा लिटरचा गिझर एकटाच जवळजवळ तेवढा गॅस मागतो.

वरच्या मजल्यावर खरी अडचण पाण्याची येते. पाण्याचा प्रवाह आतल्या पडद्याला ढकलतो तेव्हाच गॅसची वाट उघडते. बऱ्याच गिझरांना त्यासाठी पाव बार दाब लागतो. दहा मीटर पाण्याचा दाब एक बार धरला, तर टाकीचा तळ गिझरपासून निदान अडीच मीटर उंच हवा, आणि वाटेतल्या वळणांसाठी त्याहून थोडा जास्त. गच्चीवर जाऊन टेपने मोजा.

गावदेवीकर – शनिवार, सायंकाळी ५.१५ (अडीच आठवड्यांनंतर)

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो. टाकीच्या तळापासून गिझरच्या जागेपर्यंत ३.१ मीटर भरले. नळाच्या गॅससाठीच बनवलेला, पंख्याने धूर बाहेर टाकणारा सहा लिटरचा गिझर घेतला आणि खोक्यावरील गॅसचा प्रकार, महिना व वर्ष दुकानातच वाचून पाहिले. गॅस कंपनीच्या माणसांनी गॅलरीत स्वतंत्र चावीसह जोड दिला. त्यांनी इंग्रजी ‘यू’ आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून ती जोडाला लावली. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत २१ सेंटिमीटरचा फरक पडला. मग चावी बंद केली आणि दहा मिनिटे आम्ही सगळे त्या पातळीकडे पाहत उभे राहिलो. ती हलली नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेसही लावून पाहिला.

एक अडचण आली. गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाने थंड पाणी मिसळले की गिझर विझत होता. फिटर काकांनी दूरध्वनीवर कारण सांगितले. थंड पाणी सोडल्याने गिझरमधून जाणारा प्रवाह कमी होतो आणि पडदा मागे येतो. आता थंड नळ बंदच ठेवून गिझरची गॅसची मूठ कमी करतो. पाणी हवे तेवढेच गरम येते.

न्हाणीघराची कडी बदलून बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली आहे. पारलेकरीण ताईंनी लिहिलेला प्रसंग आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले की तिच्या लहानपणी आजोबा तो गिझर पेटवून, पाणी काढून, बंद करून मगच मुलांना आत सोडत असत आणि तोवर सगळ्यांना बाहेर पंचा घेऊन उभे राहावे लागे.

निवृत्त फिटर – शनिवार, रात्री ८.४५

काम व्यवस्थित झाले आहे. एवढे आणखी करा. गॅलरीचे दार लावून, गिझर दहा मिनिटे चालू ठेवून कव्हरच्या सांध्यांजवळ आणि पाइपाच्या जोडाजवळ पेटलेली उदबत्ती धरा. तिचा धूर सरळ वर गेला पाहिजे. गिझरपासून दूर ढकलला जात असेल तर तेथून जळालेली हवा बाहेर येते आहे असे समजावे. ही परीक्षा जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुरू झाल्यावर पुन्हा एकदा करा, कारण तुमची गॅलरी कोणत्या बाजूला आहे ते आपण लिहिलेले नाही.

गावदेवीकर – शनिवार, रात्री ९.१०

पश्चिमेलाच आहे. जूनमध्ये करून येथेच लिहितो.